करीम आधी, मॅजिक नंतर

लॉस एंजेलिस लेकर्सनं १९८० ते १९८८ या काळात पाच विजेतेपदं मिळवली. पाचही वेळा करीम अब्दुल-जब्बार आणि मॅजिक जॉन्सन संघात होते. त्या यशाचा खरा धनी कोण, असं विचारलं की बास्केटबॉलचे बहुतेक चाहते क्षणाचाही विचार न करता मॅजिकचं नाव घेतात. करीम मोठा खेळाडू होता, हे कोणी नाकारत नाही. पण मॅजिक आला तेव्हा तो बत्तिशीचा, अबोल आणि कंटाळलेला होता. मॅजिकनं त्याच्यात जीव ओतला आणि त्याच्या पदरात पाच विजेतेपदं टाकली, अशी ती गोष्ट सांगितली जाते.

ही गोष्ट मला उथळ वाटते. माझं म्हणणं असं: ऐंशीच्या दशकातले लेकर्स हा एक संघ नव्हताच, एकाच नावाखाली खेळलेले ते दोन संघ होते. पहिल्याचा पाया करीम होता, दुसऱ्याचा मॅजिक. आणि दोघांच्या पूर्ण कारकिर्दी शेजारीशेजारी ठेवल्या, तर वरची जागा करीमलाच द्यावी लागते. मॅजिक मोठा दिसतो याची बरीचशी कारणं खेळात नाहीत, खेळाबाहेर आहेत.

एकाच संघातल्या दोघांमध्ये अशी तुलना करूच नये, असं म्हणणारे सज्जन असतात. गावसकर की विश्वनाथ, या वादावर ज्यांनी तारुण्यातल्या संध्याकाळी घालवल्या त्या मराठी वाचकांना मी काय सांगणार? तुलना होतेच. मग ती निदान नीट व्हावी.

१. मोजायचं काय?

अशा वादात सहसा तीन मापं वापरली जातात: विजेतेपदं, पुरस्कार आणि लोकांच्या मनातली जागा. विजेतेपदांचं माप इथे फारसं उपयोगाचं नाही, कारण दोघांनी ती एकत्र मिळवली. तरीही ते लावलंच, तर करीमची सहा आणि मॅजिकची पाच, कारण करीमनं १९७१ मध्ये मिलवॉकी बक्सबरोबर एक आधीच जिंकलं होतं.

पुरस्कारांचं माप दोन्हीकडे कापतं. हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान करीमला सहा वेळा मिळाला, मॅजिकला तीन वेळा. सहाहून जास्त वेळा तो मान अजून कोणालाही मिळालेला नाही. अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मात्र मॅजिकला तीनदा आणि करीमला दोनदा मिळाला. लेकर्सचाच हिशेब केला तर तीन विरुद्ध एक. मॅजिकचे चाहते या शेवटच्या आकड्यावर सगळी इमारत उभी करतात. तो आकडा कसा तयार झाला, ते पुढे पाहू.

लोकांच्या मनातल्या जागेबद्दल बोलायचं तर हे माप खेळाडूपेक्षा लोकांबद्दलच जास्त सांगतं. म्हणून मी दोन वेगळे प्रश्न विचारतो. एक, हा खेळाडू आल्यानं किंवा गेल्यानं संघाचं काय झालं? दोन, प्रतिस्पर्ध्यांना सगळी आखणी कोणाला धरून बदलावी लागत होती?

२. मॅजिकआधीचा करीम

मिलवॉकी बक्स हा नवाकोरा संघ १९६८-६९ च्या पहिल्या हंगामात २७ सामने जिंकला आणि ५५ हरला. पुढच्या वर्षी नाणेफेकीत फीनिक्सला हरवून त्यांनी न्यू यॉर्कच्या एका सात फूट दोन इंची पोराला घेतलं. तेव्हा त्याचं नाव ल्यू अल्सिंडर होतं. त्या हंगामात बक्स ५६ सामने जिंकले. त्याच्या पुढच्या वर्षी ऑस्कर रॉबर्टसन येऊन मिळाला, आणि ६६ विजय व अंतिम मालिकेत बाल्टिमोरवर ४-० अशी मात! जन्माला येऊन तिसऱ्याच वर्षी संघ अमेरिकेचा विजेता झाला. १९७४ मध्ये रॉबर्टसन पस्तिशीला टेकला होता, तरी करीमनं बक्सना अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यापर्यंत नेलं. सहावा सामना बॉस्टनमध्ये दोनदा जादा वेळेत गेला; त्यात त्याच्या स्कायहूकनं बक्स एका गुणानं जिंकले. सातवा ते हरले.

१९७५ मध्ये तो लेकर्सकडे आला. त्याच्या बदल्यात लेकर्सनी चार तरुण खेळाडू मिलवॉकीला दिले आणि स्वतःचं घर रिकामं केलं. पहिल्या हंगामात संघ ४०-४२ असा राहिला, प्लेऑफलाही पोहोचला नाही. तरी सर्वोत्तम खेळाडूचा मान करीमलाच मिळाला. दुसऱ्या वर्षी ५३ विजयांसह लेकर्स साखळीत सर्वांत वर होते, पण बिल वॉल्टनच्या पोर्टलंडनं त्यांना ४-० असं घरी पाठवलं. आज ज्याला ‘मॅजिकआधीची वाया गेलेली वर्षं’ म्हणतात ती ही वर्षं. वाया गेली ती संघबांधणी. करीम त्या काळात जगातला सर्वोत्तम बास्केटबॉलपटू होता आणि त्याचे प्रतिस्पर्धीही ते मान्य करत.

त्याचं मुख्य अस्त्र होतं स्कायहूक. बचावपटूकडे डावा खांदा, डाव्या पायावर उडी, उजवा हात पूर्ण वर ताणलेला आणि चेंडू त्या उंचीवरून मनगटाच्या झटक्यानं सुटलेला. चेंडू आणि बचावपटू यांच्या मध्ये त्याचं सबंध शरीर असे. तो फटका अडवायचा तर दोघांनी धावून जावं लागे, आणि दोघं गेले की तिसरा मोकळा. सगळ्या आखणीचं मूळ इथे होतं. लेकर्ससमोर उभा राहणारा प्रत्येक प्रशिक्षक आधी या एका फटक्याचं काय करायचं ते ठरवी, मग बाकीच्या चौघांकडे वळे.

३. १६ मे १९८०

मॅजिकची दंतकथा एका रात्रीवर उभी आहे. फिलाडेल्फियाविरुद्धची अंतिम मालिका, सहावा सामना, करीमचा घोटा मुरगळलेला, तो लॉस एंजेलिसमध्ये घरी. वीस वर्षांचा नवखा पॉइंट गार्ड सेंटरच्या जागी उभा राहतो आणि ४२ गुण, १५ रिबाउंड, ७ असिस्ट अशी कामगिरी करतो. लेकर्स १२३-१०७ असे जिंकतात. बास्केटबॉलच्या इतिहासात असा सामना खेळलेला दुसरा नवखा खेळाडू मला ठाऊक नाही, आणि त्या रात्रीचं श्रेय एका गुणानंही कमी करायची माझी इच्छा नाही.

पण सहाव्या सामन्याआधी पाच सामने झाले होते. त्या पाचांत करीमनं सरासरी ३३.४ गुण मिळवले. घोटा मुरगळला तो पाचव्या सामन्यात. त्या पायावर तो परत आला, सामना ४० गुणांवर संपवला आणि लेकर्स १०८-१०३ असे जिंकले. मालिका ३-२ अशी झुकली म्हणून मॅजिकला ती संपवण्याची संधी मिळाली. अंतिम मालिकेचा मान मॅजिकला गेला. पाच सामन्यांपेक्षा एक सामना जड ठरला. तीन विरुद्ध एक या आकड्यातल्या तिनांपैकी एक मान असा आहे. तो करीमला दिला तर दोन विरुद्ध दोन होतात, आणि इमारत डगमगते.

४. एका दशकात दोन संघ

मॅजिकच्या पहिल्या हंगामात, १९७९-८० मध्ये, लेकर्सचे विजय ४७ वरून ६० वर गेले. ही वाढ मोठी आहे, पण ती सगळी मॅजिकच्या खात्यावर टाकता येत नाही. त्याच वर्षी जेरी बस यांनी संघ विकत घेतला आणि जॅक मॅकिनी या प्रशिक्षकानं धावत्या आक्रमणाचा आराखडा आणला. सायकल अपघातात तो जबर जखमी झाला आणि त्याचं नाव मागे पडलं. पुढे ‘शोटाइम’ म्हणून गाजलेल्या खेळाची मूळ कल्पना त्याची होती.

याहून बोलका पुरावा पुढच्या वर्षीचा. १९८०-८१ मध्ये गुडघ्याच्या दुखापतीनं मॅजिक ४५ सामने खेळला नाही. त्याच्याशिवाय लेकर्स २८ जिंकले, १७ हरले. मॅजिक असताना संघ नक्कीच जास्त जिंकत होता. पण ज्याच्यावाचून पाया हलतो अशा माणसाच्या गैरहजेरीत ४५ पैकी २८ विजय मिळत नाहीत. पाया दुसरीकडे होता, आणि त्या हंगामात तो सरासरी २६ गुण करत होता. १९८० पासून १९८६ पर्यंत प्रत्येक हंगामात लेकर्सकडून सर्वाधिक सरासरी करीमचीच आहे. या सात हंगामांत संघ पाच वेळा अंतिम मालिकेत गेला आणि तीनदा जिंकला.

त्यातली १९८५ ची मालिका मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लेकर्स त्याआधी आठ वेळा अंतिम मालिकेत बॉस्टन सेल्टिक्सकडून हरले होते, त्यातली आठवी आदल्याच वर्षी. त्या आठव्या पराभवात मॅजिकच्या मोक्याच्या क्षणीच्या चुका इतक्या गाजल्या की त्याचं नाव बदलून ‘ट्रॅजिक’ केलं गेलं. १९८५ चा पहिला सामना बॉस्टननं १४८-११४ असा जिंकला. करीम, वय ३८, त्यात बारा गुण आणि तीन रिबाउंड. वृत्तपत्रांनी मृत्युलेख लिहायला घेतले. दुसऱ्या सामन्यात त्याच करीमनं ३० गुण, १७ रिबाउंड आणि ८ असिस्ट केले. सहाव्या सामन्यात, बॉस्टनच्याच मैदानावर, लेकर्सनी मालिका संपवली. सेल्टिक्सचं भूत उतरवलं ते त्यानं, आणि मालिकेचा मानही त्यालाच मिळाला. पहिल्या आणि दुसऱ्या मानात चौदा वर्षांचं अंतर. इतका काळ शिखरावर टिकण्यामागे त्याची योगासनांची शिस्त होती, हे तो स्वतः सांगत आला आहे.

दुसरा संघ १९८६ च्या उन्हाळ्यानंतर जन्मला. प्रशिक्षक पॅट रायलीनं आक्रमणाचं केंद्र करीमकडून काढून मॅजिककडे दिलं. १९८६-८७ मध्ये मॅजिकनं सरासरी २३.९ गुण आणि १२.२ असिस्ट केले, पहिल्यांदा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि बॉस्टनच्या मैदानावर चौथा सामना एका गुणानं जिंकून दिला. कोणत्या फटक्यानं? करीमकडून उचललेल्या हूकनं. १९८७ ची आणि १९८८ ची दोन विजेतेपदं मॅजिकच्या संघाची, यावर माझा काही वाद नाही. (१९८८ चा सहावा सामना मात्र शेवटच्या चौदा सेकंदांत करीमच्या दोन फ्री थ्रोंनी एका गुणानं वाचला. एकेचाळीस वर्षांचा माणूस!) १९८९ मध्ये करीम निवृत्त झाल्यावर मॅजिकनं संघ ६३ विजयांवर नेला आणि १९९१ मध्ये अंतिम मालिकेत. हा दुसरा संघ त्याचा होता, निःसंशय. फक्त तो सगळ्या दशकावर पसरवू नये.

५. नक्कल आणि मोठेपण

इथे मॅजिकच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा येतो. मॅजिकनं खेळ बदलला. सहा फूट नऊ इंच उंचीचा माणूस चेंडू घेऊन मैदान ओलांडतो, डोळे एकीकडे आणि पास दुसरीकडे, हे त्याच्याआधी कोणी या प्रमाणात केलं नव्हतं. सामन्यामागे ११.२ ही त्याची असिस्टची सरासरी आजही सर्वांत वरची आहे. लेब्रॉन जेम्स, लुका डॉन्चिच यांच्यासारखे उंच खेळाडू आज आक्रमण चालवताना पाहिले की मॅजिकची आठवण होते. करीमचा स्कायहूक मात्र कोणीच घेतला नाही.

गोष्ट खरी. निष्कर्ष चुकीचा. स्कायहूक मागे पडण्याचं एक कारण असं, की तो फटका घोटवायला बालपणापासूनची वर्षं लागतात. करीमनं तो शाळकरी वयात जॉर्ज माइकनच्या नावाच्या सरावातून उचलला. दुसरं कारण खेळाच्या हिशेबाचं आहे. या साखळीत तीन गुणांची रेषा आली १९७९-८० मध्ये, नेमकी मॅजिकच्या पहिल्या हंगामात. पुढच्या दशकांत खेळ त्या रेषेकडे सरकला आणि रिंगकडे पाठ करून खेळणाऱ्या सेंटरची किंमत उतरली. करीमनं सबंध कारकिर्दीत तीन गुणांचा एकच फटका यशस्वी केला. त्याच्यामागे ती वाट ओस पडली, कारण बाजार दुसरीकडे हलला. एखाद्या गायकाच्या गळ्यातली तान पुढच्या पिढीला घेता आली नाही, तर आपण त्या गायकाला लहान म्हणत नाही.

शिवाय करीमनं खेळ बदललाच नाही, हेही खरं नाही. तो यूसीएलएमध्ये शिकत असताना १९६७ मध्ये महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये डंकवर बंदी आली आणि ती १९७६ पर्यंत टिकली. बंदी त्याच्याचमुळे आली असं सर्रास मानलं जातं. एका खेळाडूला आवरायला नियम करावा लागला असं वाटावं, एवढाच त्याचा दबदबा पुरेसा बोलका आहे. तरी बंदीनंतरच्या त्याच्या दोन्ही वर्षांत यूसीएलए विजेता ठरलाच.

६. कॅमेरा कुठे होता?

आता खेळाबाहेरची कारणं. करीमची सर्वोत्तम वर्षं १९७१ ते १९७७. त्या काळात व्यावसायिक बास्केटबॉलला दूरचित्रवाणीवर मानाची जागा नव्हती. खुद्द १६ मे १९८० चा सामनाही अमेरिकेच्या बहुतेक शहरांत रात्री उशिरा, ध्वनिचित्रफितीवरून दाखवला गेला. अंतिम मालिकेतल्या निर्णायक सामन्याची ही गत! मॅजिक आणि बॉस्टनचा लॅरी बर्ड १९७९ मध्ये साखळीत आले, त्याच वर्षी ईएसपीएन सुरू झालं, १९८४ मध्ये डेव्हिड स्टर्न आयुक्त झाले आणि या दोघांच्या चुरशीवर साखळीचा नवा बाजार उभा राहिला. आज जे चित्रफितींत पाहायला मिळतं ते पस्तिशीनंतरच्या, चष्मा लावलेल्या, मागून हळूहळू येणाऱ्या करीमचं रूप आहे. पंचविशीतला करीम, जो एका टोकाला फटका अडवून दुसऱ्या टोकाला आधी पोहोचत असे, तो आकड्यांच्या तक्त्यात उरला. लोक तक्त्यावर प्रेम करत नाहीत.

दुसरं कारण स्वभावाचं, आणि त्यात अमेरिकेचाही स्वभाव आला. १९६७ मध्ये क्लीव्हलंडला मुहम्मद अलीच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंमध्ये वीस वर्षांचा ल्यू अल्सिंडर होता. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी खेळायला त्यानं नकार दिला. इस्लाम स्वीकारला आणि १९७१ मध्ये नाव बदललं. पत्रकारांशी तो तुसडेपणानं वागे, प्रेक्षकांकडे पाहतही नसे, १९७७ मध्ये तर प्रतिस्पर्ध्याला ठोसा मारून स्वतःचाच हात मोडून घेतला. मॅजिक हसतमुख, मिठी मारणारा, सगळ्यांना नावानं हाक मारणारा. कोणत्या माणसाची जाहिरात करणं सोपं होतं, हे सांगायला नको. मात्र तो हसरा चेहरा संघात नेहमीच निरागस होता असं नाही: १९८१ मध्ये बस यांनी मॅजिकला २५ वर्षांचा अडीच कोटी डॉलरचा करार दिला, तेव्हा हा खेळाडू आहे की व्यवस्थापनाचा माणूस, असा प्रश्न करीमला पडला. त्याच वर्षी मॅजिकनं उघडपणे संघ बदलून मागितला आणि प्रशिक्षक पॉल वेस्टहेडची गच्छंती झाली. लेकर्सच्या फोरम या मैदानातल्या प्रेक्षकांनी तेव्हा मॅजिकचीही हुर्यो उडवली होती. हे आता कोणी आठवत नाही.

७. तीन आक्षेप

पहिला: करीमला जिंकायला कायम मोठा पॉइंट गार्ड लागला, १९७१ मध्ये रॉबर्टसन, १९८० मध्ये मॅजिक. मान्य. मग मॅजिकनं करीमशिवाय किती विजेतेपदं मिळवली? एकही नाही. त्याला तशी वर्षं फक्त दोन मिळाली, हे मी त्याच्या बाजूनं नोंदवतो. म्हणजे हा आक्षेप फार तर दोघांना सारखाच लागतो.

दुसरा: करीमचे गुण हे दीर्घायुष्याचं फळ आहे. वीस हंगाम खेळला म्हणून ३८,३८७ गुण झाले. पण ते वीस हंगाम कसे होते ते पाहा. सहापैकी पाच वेळा सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला तिशीपर्यंत मिळाला. शिखर आणि पठार दोन्ही ज्याच्याकडे आहेत त्याला पठाराबद्दल दोष देणं विचित्र आहे. त्याचा गुणांचा विक्रम एप्रिल १९८४ पासून ७ फेब्रुवारी २०२३ पर्यंत टिकला. आधीचा विक्रम मोडणाऱ्या गुणासाठी १९८४ मध्ये पास दिला होता मॅजिकनं, आणि २०२३ मध्ये तो मोडला लेकर्सच्याच लेब्रॉननं.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ७ नोव्हेंबर १९९१ ला मॅजिकनं आपल्याला एचआयव्हीची लागण झाल्याचं जगासमोर सांगितलं आणि खेळ सोडला. हा आजार समलिंगी आणि अमली पदार्थ टोचून घेणाऱ्या लोकांचाच, असं मानणाऱ्या समाजाला त्या एका पत्रकार परिषदेनं हलवून सोडलं. पुढच्या वर्षी तो बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात खेळला. सरकारच्या एड्सविषयक आयोगावर गेला आणि सरकार पुरेसं काही करत नाही म्हणून राजीनामाही दिला. लागण झालेला माणूस दशकानुदशकं हिंडताफिरता, धंदा करताना दिसत राहणं हे कित्येक घरांत औषधाइतकं उपयोगी पडलं असेल. करीमनं लेख लिहिले, पुस्तकं लिहिली, वंशभेदावर आयुष्यभर बोलत राहिला. २०१६ मध्ये त्याला अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला, मॅजिकला तो २०२५ मध्ये. तरी सार्वजनिक जीवनातल्या परिणामात मी मॅजिकला झुकतं माप देतो. मात्र तो त्याचा माणूस म्हणून मोठेपणा आहे. लेकर्सचा धनी कोण, या प्रश्नाचं ते उत्तर होत नाही.

निवाडा

लॉस एंजेलिसमध्ये लेकर्सच्या मैदानाबाहेर मॅजिकचा पुतळा २००४ मध्ये उभा राहिला. करीमचा उभा राहायला नोव्हेंबर २०१२ उजाडावं लागलं, तेही त्यानं आपल्याला डावललं जात असल्याची जाहीर तक्रार केल्यावर. मधल्या काळात तिथे एका मुष्टियोद्ध्याचा आणि लेकर्सच्या समालोचकाचा पुतळाही बसला होता. ही आठ वर्षांची दिरंगाई चुकीच्या हिशेबातून आली, आणि तो हिशेब चाहते आजही तसाच मांडतात. तो बदलावा. १९८० ते १९८६ चे लेकर्स करीमचे, त्यानंतरचे मॅजिकचे. आणि दोघांमध्ये क्रम लावायचाच असेल तर करीम पहिला, मॅजिक दुसरा, दोघांमधलं अंतर फार नाही, पण आहे.